वेगाने धावताना होणाऱ्या दुखापती: उपचार, व्यायाम आणि ट्रॅकवर परतण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१०० ते ४०० मीटर धावणारे, लांब उडीचा रनअप घेणारे, फुटबॉल, हॉकी किंवा क्रिकेटमध्ये एकाएकी सुसाट पळावं लागणारे खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे. दुखणं थांबतं तो दिवस आणि पाय पूर्ण वेगासाठी तयार होतो तो दिवस, हे दोन वेगळे दिवस असतात. त्यांच्या मधल्या काळात घाई झाली की तोच पाय पुन्हा जायबंदी होतो. हे वाचून तपासणी मात्र टाळू नका. कोणती लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही, तेही पुढे दिलं आहे.

पूर्ण वेगात असताना मांडीच्या मागे अचानक चमक भरली. काय झालं असेल?

बहुधा हॅमस्ट्रिंग. मांडीमागच्या तीन स्नायूंना मिळून हे नाव आहे. बैठकीच्या हाडापासून निघून ते गुडघ्याखाली जोडले जातात, म्हणजे खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांचा ताण त्यांच्यावर येतो. धावपटूंमध्ये सर्वांत जास्त वेळा फाटतो तो बाहेरच्या अंगाचा बायसेप्स फिमोरिस.

तो फाटण्याचा क्षणही ठरलेला असतो. हवेतून पुढे येणारा पाय जमिनीला टेकण्याच्या जरासं आधी गुडघ्यात सरळ होत जातो आणि त्या झेपावलेल्या पायाला आवर घालायचं काम हॅमस्ट्रिंगकडे असतं. स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी जोर लावून मागे खेचतही असतो. वेग ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर गेला की हा भार वेगाच्या मानाने कितीतरी अधिक वाढतो. जॉगिंगमध्ये ठणठणीत वाटणारा पाय स्प्रिंटमध्ये दगा देतो तो यामुळेच.

स्टार्टिंग ब्लॉकमधून निघताना जांघेत कळ आली तर मांडीच्या आतल्या बाजूचे किंवा खुब्यासमोरचे स्नायू दुखावलेले असू शकतात. मांडीच्या पुढच्या बाजूला कळ असेल तर रेक्टस फिमोरिस हा स्नायू तपासावा लागतो. आणि कंबरेतून उतरणारी, मुंग्या येणारी, खोकताना वाढणारी कळ असेल तर मूळ मणक्यात असू शकतं. अशा वेळी मांडीवर कितीही उपचार केले तरी गुण येत नाही.

पेटका आला की स्नायू फाटला, हे कसं ओळखायचं?

पेटक्यात स्नायूचा गोळा होतो, हळूच ताणला की काही मिनिटांत सुटतो आणि दुसऱ्या दिवशी थोडा ठणका उरतो. फाटलेल्या स्नायूत एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं, ताणलं की कळ वाढते, जोर लावला तरी दुखतं, आणि एक-दोन दिवसांत खालच्या बाजूला काळंनिळं उतरू शकतं. मैदानात खात्री नसेल तर फाटला असंच धरून चाला. पेटका निघाला तर एक सराव बुडेल, एवढंच.

कळ आल्यावर रेस पूर्ण करावी का?

नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत डेरेक रेडमंडची हॅमस्ट्रिंग फाटली आणि वडिलांच्या खांद्याचा आधार घेत त्याने शर्यत पूर्ण केली. तो क्षण आजही डोळ्यांत पाणी आणतो. पण ती ऑलिंपिकची शर्यत होती आणि तो तेव्हा वेगात धावत नव्हता. रोजच्या सरावात किंवा शालेय स्पर्धेत लंगडणाऱ्या मुलाला ‘अजून थोडंच राहिलंय’ असं कोणी ओरडून सांगू नये. फाटलेल्या स्नायूवर टाकलेली प्रत्येक जोराची ढांग फट वाढवू शकते.

पहिले दोन-तीन दिवस काय करायचं?

धावणं तिथेच थांबवा. खालून वर क्रेप बँडेज बांधा. ते पक्कं हवं, पण बोटं गार किंवा बधिर पडतील इतकं घट्ट नको. झोपताना पाय उशीवर घ्या. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १० ते १५ मिनिटं ठेवायला हरकत नाही, पण त्याचं काम दुखणं कमी करण्यापुरतं आहे हे ध्यानात असू द्या. विश्रांती, बर्फ, बँडेज आणि पाय उंच हा प्रसिद्ध सल्ला ‘राइस’ या नावाने १९७८ मध्ये देणारे डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. दुखापतीनंतरची सूज ही दुरुस्तीची सुरुवात असते, तिला पूर्ण मारून टाकण्याच्या मागे लागू नका.

दुखऱ्या जागेवर मालिश, शेक आणि मद्य या तीन गोष्टी पहिले तीन दिवस टाळा, त्यांनी आतला रक्तस्राव वाढू शकतो. ‘शीर आखडली आहे, ओढून मोकळी करू’ म्हणत पाय खेचणंही नको. त्या क्षणी स्नायूला ताण नव्हे, आधार हवा असतो. मांडीच्या पुढच्या बाजूला जोराचा मार लागून रक्त साखळलं असेल तर तिथे चोळणं विशेष धोक्याचं, कारण साखळलेल्या जागी पुढे हाड तयार होऊ शकतं.

दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल बरं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि गोळी घेऊन सराव तर कधीच करू नका. कळ ही तुमच्याकडची सर्वांत खरी माहिती आहे, ती झाकून धावणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवण्यासारखं आहे.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जायचं?

‘टक्’ असा आवाज आला आणि पाय टेकवेना. स्नायूत खड्डा लागतो किंवा गोळा वर सरकलेला दिसतो. मांडीमागे मोठं काळंनिळं पसरलंय आणि खुर्चीवर बसवत नाही. पाऊल बधिर झालंय. हाडावरच, एका बोटाएवढ्या जागेत दुखतंय. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी.

टाचेमागे कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं, असं खेळाडू सांगतो तेव्हा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड दोरी, तुटल्याची शंका घ्यायची. पालथं झोपवून पोटरी दाबली की एरवी पाऊल आपोआप खाली झुकतं. ते हललं नाही तर उशीर करू नका. अशा माणसालाही कधीकधी चालता येतं, त्यामुळे ‘चालतोय म्हणजे काही नाही’ हा दिलासा खोटा ठरतो.

मार न लागता पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना, तर रक्तवाहिनीत गुठळी झालेली असू शकते. त्यात धाप लागली तर थेट इस्पितळ गाठा.

एमआरआय काढावाच लागतो का?

प्रत्येक वेळी नाही. अनुभवी फिजिओथेरपिस्ट किंवा क्रीडावैद्यकातले डॉक्टर हाताने तपासून बरंच सांगू शकतात. स्नायू हाडापासून सुटल्याची शंका असेल, सुधारणा अडली असेल किंवा दुखापत टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, गेली आहे का हे पाहायचं असेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. २०१४ मध्ये ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सने शून्य ते चार अशी श्रेणी मांडली आणि तिला जागेची अक्षरं जोडली: स्नायूच्या बाहेरच्या आवरणाशी, स्नायू आणि टेंडनच्या सांध्यापाशी, की टेंडनच्या आत. टेंडनच्या आतली इजा सर्वांत हळू भरते, म्हणून अहवालात नुसता ‘ग्रेड २’ वाचून थांबू नका, जागा विचारा.

उलट परतताना ‘एमआरआय स्वच्छ येऊ दे, मग धावू’ असं म्हणत बसायचीही गरज नाही. पूर्ण बरे झालेल्या बहुतेक खेळाडूंच्या चित्रात तेव्हाही खुणा दिसतात.

किती दिवसांत बरं होईल?

हलका ताण असेल तर साधारण एक ते तीन आठवडे. मध्यम प्रमाणात तंतू फाटले असतील तर चार ते आठ. पूर्ण फाटला किंवा टेंडनमध्ये इजा असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त. हॅमस्ट्रिंग हाडापासून संपूर्ण सुटली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार पहिल्या काही आठवड्यांतच करावा लागतो, नंतर ती अवघड होत जाते.

हे आकडे अंदाज बांधण्यापुरते. तारीख धरून धावणाऱ्यांपेक्षा पायरी धरून पुढे जाणारे तीच दुखापत घेऊन कमी वेळा परत येतात.

पूर्ण विश्रांती घ्यावी की व्यायाम सुरू करावा?

व्यायाम, आणि लवकर. डेन्मार्कमध्ये मांडीचे आणि पोटरीचे स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दोन दिवसांनी व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नऊ दिवसांनी. पहिला गट साधारण ६२ दिवसांत खेळात परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले. सात दिवसांच्या विश्रांतीची किंमत जवळपास तीन आठवडे.

यामागचं कारण समजलं की धीर येतो. भरून येणाऱ्या जागी शरीर नवे धागे विणतं. कोणत्या दिशेने ताण येणार आहे हे त्या धाग्यांना भारातूनच कळतं. भार मिळाला नाही तर ते अस्ताव्यस्त विणले जातात आणि आजूबाजूचा धडधाकट स्नायूही वाळत जातो.

मग सुरुवात नेमकी कशी?

आधी न लंगडता चालणं. लंगडत तासभर चालण्यापेक्षा नीट दहा पावलं चाला.

त्यानंतर पाय न हलवता जोर लावायचा. उताणं झोपून गुडघे थोडे वाकवा, टाच जमिनीत दाबा, २० ते ३० सेकंद धरा. मग दोन पायांवर ब्रिज, म्हणजे त्याच स्थितीत कंबर जमिनीवरून वर उचलून धरणं, मग एका पायावर. हलकी जाणीव चालेल, टोचणारी कळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर भार जास्त झाला, एक पायरी मागे या. दुसऱ्या दिवसाची सकाळ हीच मोजपट्टी पुढेही वापरायची.

यानंतर स्नायू लांब होताना जोर लावणारे व्यायाम: एका पायावर उभं राहून कंबरेतून पुढे झुकणं, टाचेखाली टॉवेल ठेवून पाय हळूहळू सरळ सरकवत नेणं, आणि शेवटी नॉर्डिक. नॉर्डिकमध्ये गुडघ्यांवर बसायचं, जोडीदार घोटे धरतो आणि आपण अंग ताठ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. फाटण्याच्या क्षणी स्नायूला जे काम करावं लागतं, त्याची तयारी या व्यायामांतून होते, म्हणून यांना पर्याय शोधू नका. नितंब आणि पोटाचे स्नायूही सोबत बळकट करायचे, कारण ओटीपोट पुढे झुकलं की हॅमस्ट्रिंग आधीच ताणलेल्या अवस्थेत काम करते.

दम टिकवण्यासाठी सायकल आणि खोल पाण्यात पट्टा बांधून धावणं चांगलं.

धावणं पुन्हा केव्हा आणि कसं सुरू करू?

वेगाने चालताना दुखत नाही, एका पायावरचा ब्रिज दोन्ही बाजूंनी सारखा जमतो, आणि दुखऱ्या जागी दाबल्यावर फारसं कळत नाही, तेव्हा.

पहिल्या दिवशी ३० मीटर हळूहळू वेग वाढवा, ३० मीटर तोच वेग ठेवा, ३० मीटरमध्ये सावकाश थांबा. वेग साधारण निम्मा. चार-सहा फेऱ्या पुरेत. एक दिवस मध्ये सोडा. दुसऱ्या सकाळी पाय बरा असेल तरच पुढच्या वेळी वेग थोडा वाढवा. झटकन थांबणंही स्नायूवर भार टाकतं, म्हणून थांबायला भरपूर अंतर ठेवा.

सर्वांत मोठी गफलत वेगाच्या अंदाजात होते. खेळाडू ‘८० टक्केच पळालो’ म्हणतो आणि घड्याळ ९० सांगतं. म्हणून घड्याळ लावाच. वेग आधीच पकडलेला असताना ३० मीटरला तुमची सर्वोत्तम वेळ ३.०० सेकंद असेल, तर ८० टक्के वेग म्हणजे ३.७५ सेकंद, ९० टक्के म्हणजे ३.३३ आणि ९५ टक्के म्हणजे ३.१६. ९० पर्यंतचा रस्ता बहुतेकांना सोपा जातो. खरी परीक्षा ९० ते १०० मध्ये आहे आणि तिथेच सर्वांत जास्त दिवस द्यायचे. इथे दोन-दोन टक्क्यांनी चढा.

सरळ ट्रॅकवर जमलं की बेंड (वळण), साध्या बुटांत जमलं की स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), उभ्या स्टार्टनंतर ब्लॉक. एका दिवशी यातली एकच गोष्ट नवी आणायची. वेग आणि स्पाइक्स दोन्ही एकाच दिवशी वाढवले आणि पाय दुखला, तर कशाने दुखला हे कळणार कसं?

आता पूर्ण तयार आहे हे कसं ठरवायचं?

दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी, फरक १० टक्क्यांच्या आत. पाय सरळ वर उचलताना दोन्ही बाजू सारख्याच उंचीला. दाबल्यावर दुखत नाही. पूर्ण वेगाचे किमान तीन-चार सराव काहीही न होता पार पडले आहेत. याशिवाय स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग यांची एक चाचणी फार बोलकी आहे: उताणं झोपून, गुडघा पट्ट्याने सरळ बांधून, पाय शक्य तितक्या वेगाने वर झटकायचा. दुखलं नाही तरी मनात ‘नको’ असं आलं, तर अजून वेळ द्यायचा. ही चाचणी सगळ्यांत शेवटी आणि जाणकारासमोरच करावी.

तीच जागा पुन्हा पुन्हा का दुखावते?

एकदा फाटलेली हॅमस्ट्रिंग ही पुढच्या दुखापतीची सर्वांत पक्की पूर्वसूचना असते. परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष नाजूक. दुखापतीनंतर स्नायूचे तंतू आखूड राहतात, लांब अवस्थेत तो कमी जोर लावतो, आणि मेंदूही त्या स्नायूला सांभाळून वापरायला शिकतो. रोजच्या चालण्यात यातलं काही जाणवत नाही.

दुसरं कारण सरावाच्या आखणीत असतं. दुखापतीच्या भीतीने महिनोन् महिने खरा वेग टाळायचा आणि मग स्पर्धेत एकदम सगळा लावायचा. बऱ्या झालेल्या धावपटूने आठवड्यातून एकदा-दोनदा, ताज्या पायांनी, थोड्याच फेऱ्या पण जवळपास पूर्ण वेगाने धावल्या पाहिजेत. वेगाची सवय वेगानेच होते. आणि नॉर्डिक बरं झाल्यावर सोडू नका: संघांवर झालेल्या अभ्यासांत तो नियमित करणाऱ्यांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. बहुतेक जण दुखणं थांबलं की सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याला लागतात आठवड्यातली मोजकी मिनिटं.

वॉर्मअपमध्ये स्नायू मिनिट-मिनिटभर एका जागी ताणून धरण्याऐवजी हलतेफिरते व्यायाम आणि वाढत्या वेगाच्या दोन-चार फेऱ्या ठेवा.

इंजेक्शनने लवकर बरं होतं का?

स्वतःच्या रक्तातून केलेल्या पीआरपी इंजेक्शनची खूप चर्चा होते. हॅमस्ट्रिंगच्या ताज्या दुखापतीत ८० खेळाडूंवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने परतण्याचा काळ कमी झाला नाही. अकिलीस टेंडनमध्ये स्टेरॉइड टोचून घेऊ नका, टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतो.

पोटरी आणि टाचेमागच्या दुखण्याचं काय?

गुडघा सरळ ठेवून टाच उचलताना दुखलं तर बहुधा वरचा मोठा स्नायू, गुडघा वाकवून दुखलं तर आतला सोलियस. दोन्ही स्थितींत टाच उचलायचे व्यायाम करा, आधी दोन पायांवर, मग एका, मग वजन घेऊन. एका पायावर सलग २५ च्या आसपास होईपर्यंत उड्या नकोत.

अकिलीस सकाळी उठल्यावर ताठ आणि चालल्यावर मोकळा होत असेल तर तो जुना त्रास आहे, विश्रांतीने तात्पुरता झोपतो आणि धावलं की उठतो. त्यावर जड भाराने सावकाश टाच खाली नेण्याचा व्यायाम साधारण १२ आठवडे लागतो. दुखणं टाचेच्या हाडापाशीच असेल तर टाच पायरीखाली उतरवू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या प्रकारची प्रतिजैविकं घेताना टेंडनला धोका वाढतो, डॉक्टरांना आपण धावतो हे आधीच सांगा.

नडगी दुखते. धावत राहू का?

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं भार कमी केल्यावर सुधारतं. एकाच बिंदूवर, एका पायावर उडी मारताना, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर हाडाला तडा असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत तो साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. पावलाच्या वरच्या मधल्या भागात असं दुखलं तर धावपटूंनी जास्तच सावध व्हावं, तिथल्या नॅव्हिक्युलर हाडाचा तडा भरायला फार वेळ घेतो. मुलींची पाळी अनियमित किंवा बंद झाली असेल तर ते अपुऱ्या खाण्याचं आणि हाडं कमकुवत होत असल्याचं लक्षण असू शकतं. संकोच न करता डॉक्टरांशी बोला.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. स्टार्ट घेताना खुब्यापाशी ‘कट्’ आवाज आला.

एक्स-रे काढा. वाढत्या वयात स्नायूपेक्षा हाडाची वाढीची जागा कच्ची असते, त्यामुळे स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच ओढला जातो. साधा ताण समजून मालिश आणि स्ट्रेचिंग केलं तर तुकडा आणखी सरकतो. बहुतेक मुलं शस्त्रक्रियेशिवाय बरी होतात, पण महिने लागतात.

खाणं आणि झोप?

दुखापतीत खाणं कमी करू नका, भरून येण्यासाठीही इंधन लागतं. प्रथिनं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम. झोप आठ तास किंवा जास्त. तंबाखूने टेंडन आणि हाड दोन्ही हळू भरतात.

पाय बरा आहे, पण पूर्ण वेग लावायची हिंमत होत नाही.

ही भीती खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. तिला उपदेशाने नाही, पुराव्याने उत्तर द्यायचं. प्रत्येक सरावाची वेळ आणि दुसऱ्या सकाळची स्थिती वहीत लिहा. प्रशिक्षकांनी ‘घाबरू नकोस’ म्हणण्याऐवजी ते आकडे दाखवावेत. भीतीने ढांग आखडती घेतली जात असेल तर व्हिडिओत ती दिसते, तेव्हा वेग एक पायरी खाली आणून ढांग सुधारा.

स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. उतरू का?

स्पर्धेच्या आठवडाभर आधीपर्यंत ९५ टक्क्यांच्या वर किमान दोन सराव निर्धोक झाले असतील तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवा. दोन शर्यतींत नाव असेल तर एकच ठेवा, आणि फेऱ्या कमी असलेली निवडा. तेवढे सराव झाले नसतील तर नाव मागे घ्या. ते खेळाडूवर सोपवू नका. सतरा-अठरा वर्षांची मुलगी स्वतःहून क्वचितच नाही म्हणते, म्हणून तो निर्णय प्रशिक्षकांनी घ्यावा आणि तिच्यासमोर स्पष्ट सांगावा. सोबत त्याच दिवशी पुढच्या स्पर्धेपर्यंतचा आठवड्यांचा आराखडाही तिच्या हातात द्यावा.